शाहीर अमर शेख : गाणे आणि गर्दी

इ. स. 1969 चा पावसाळा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील तीन बुलंद आवाज घेऊन गेला. 13 जून रोजी आचार्य प्र. के. अत्रे यांचे निधन झाले, 18 जुलैला अण्णाभाऊ साठे गेले आणि 29 ऑगस्टला इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात शाहीर अमर शेख यांचा अंत झाला. पहिल्याची लेखणी आणि वक्तृत्व, दुसऱ्याचे शब्द आणि तिसऱ्याचा गळा यांनी संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन घराघरांत पोहोचविले होते. अत्रे व अण्णाभाऊ यांचे साहित्य ग्रंथांच्या रूपाने शिल्लक राहिले. अमर शेख यांच्या बाबतीत मात्र प्रश्न अवघड होतो. त्यांचे काव्यसंग्रह उपलब्ध असले, तरी ज्याने हजारोंची गर्दी खिळवून ठेवली तो आवाज छापील पानात उतरत नाही. त्यामुळे त्यांच्या गाण्याचा विचार करताना गाणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यांचाही विचार करावा लागतो.

बार्शीचा मेहबूब

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. 20 ऑक्टोबर 1916 रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका गरीब मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईचे नाव मुनेरबी. लोकगीतांचा वारसा त्यांना मिळाला तो या माउलीकडून. मराठवाड्याच्या सीमेवरील या भागात जात्यावरच्या ओव्या, सणावारांची गाणी आणि वारकऱ्यांचे अभंग यांना धर्माची भिंत फारशी आडवी येत नसे. बार्शी हे श्री भगवंताचे गाव. पंढरीच्या वाटेवरील दिंड्यांचा टाळमृदंग या परिसराच्या कानांत बसलेला होता.

त्याच वेळी बार्शी हे बाजारपेठेचे आणि गिरण्यांचेही गाव होते. 1897 मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांनी ते मुंबईच्या मुख्य लोहमार्गाला जोडले गेले होते. धान्य आणि कापूस या वाटेने बाहेर जाई आणि चळवळींचे वारे याच वाटेने आत येत. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या सोलापुरात 1877 मध्ये स्थापन झालेल्या 'जुन्या गिरणी'पासून कापड उद्योग वाढत गेला. त्याच्या आश्रयाने मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू बोलणारे श्रमिक एकाच वस्तीत नांदू लागले. पुढे अमर शेख यांना मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तेलुगू, पंजाबी अशा अनेक भाषांतील लोकगीते मुखोद्गत होती. ज्या जिल्ह्यात एका गल्लीत तीन-चार भाषा सहज कानी पडतात, त्या जिल्ह्याच्या मातीतच अशा बहुभाषिक गळ्याची मुळे शोधता येतात.

मेहबूबच्या वाट्याला शिक्षण थोडे आणि कष्ट फार आले. प्रारंभी त्यांनी बसवर क्लीनर म्हणून काम केले, नंतर गिरणीत मजुरी केली. 1930 च्या सुमारास राष्ट्रीय चळवळीने सोलापूर जिल्हा ढवळून निघाला होता. मे 1930 मध्ये सोलापुरात गोळीबार झाला, मार्शल लॉ पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर गेले. त्या वेळी मेहबूब चौदा वर्षांचे होते. राष्ट्रीय चळवळीत ते ओढले गेले ते याच काळात. पुढे गिरणी संपातील पुढाकारामुळे त्यांना तुरुंगवास घडला. विसापूरच्या तुरुंगात कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांचा सहवास लाभला आणि ते कम्युनिस्ट विचारांकडे वळले. नंतर कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करीत असताना मित्रांनी त्यांना दिलेले 'अमर शेख' हे नाव रूढ झाले आणि तेच महाराष्ट्राच्या ओठी बसले.

सोलापूरची जुनी परंपरा

सोलापूर जिल्ह्याला शाहिरी नवी नव्हती. पेशवाईच्या उत्तरार्धातील विख्यात लावणीकार राम जोशी हे सोलापूरचेच. वेदशास्त्रसंपन्न घराण्यात जन्मलेला हा कवी तमाशाच्या फडात रमला, त्यासाठी घराचा रोष त्याने पत्करला आणि पुढे कीर्तनाच्या व्यासपीठावरही तो तितक्याच अधिकाराने उभा राहिला. त्याच्या जीवनावरील 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट 1947 मध्ये आला आणि अफाट लोकप्रिय झाला. राम जोशी आणि अमर शेख यांच्यामध्ये सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे आणि दोघांच्या आशयातही साम्य नाही. तरी एक धागा समान दिसतो. जन्माने नेमून दिलेली जागा सोडून जिथे श्रोता आहे तिथे जाऊन उभे राहण्याचे धैर्य दोघांनीही दाखविले.

पोवाड्याची परंपरा तर त्याहून जुनी. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालातील मानला जातो. डफ, तुणतुणे आणि झांज ही त्याची वाद्ये. मुख्य शाहीर कथाभाग खड्या आवाजात सांगतो आणि मागे उभे असलेले झीलकरी 'जी जी' करीत त्याची ओळ उचलतात. या रचनेमागे व्यावहारिक शहाणपण आहे. झील चालू असताना शाहिराला श्वास घेता येतो, पुढील ओळ जुळविता येते आणि तीच ओळ पुन्हा कानी पडल्याने श्रोत्यांना ती पाठ होते. डफाचे कातडे हवेतील ओलाव्याने सैल पडले की विस्तवावर शेकून ते कडक करतात. उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी घडविलेले हे संगीत आहे. त्यात तानांची नजाकत कमी आणि शब्दफेकीला महत्त्व अधिक.

लाल बावटा कलापथक

1943 मध्ये मुंबईत 'इप्टा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली. पाठोपाठ 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. परळ-लालबागच्या गिरणगावात राहणारा कामगार बहुधा कोकण, सातारा, कोल्हापूर, सोलापूर अशा भागांतून आलेला होता. त्याच्या कानात गावच्या जत्रेतील तमाशा आणि भजन होते, तर अंगावर गिरणीतील कापसाचे तंतू. कलापथकाने त्याचा गावाकडचा नाद आणि शहरातील प्रश्न यांची सांगड घातली. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा सांगाडा तसाच ठेवून गणेशाच्या जागी मातृभूमीला वा श्रमिकाला वंदन होऊ लागले, आणि वगातील राजाच्या जागी सावकार, काळाबाजारवाला वा गिरणीमालक येऊन बसला.

असा प्रयोग केवळ महाराष्ट्रातच झाला असे नव्हे. अमेरिकेत 1912 मध्ये ओक्लाहोमा राज्यात जन्मलेला वुडी गथ्री गिटार घेऊन दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांच्या वस्त्यांतून हिंडला. जुन्या ग्रामीण चालींवर नवे शब्द बसविणे हीच त्याचीही रीत होती. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तेथील तरुण वादकांनी ग्रामीण 'कंट्री' गाण्याला रॉक संगीताची विद्युत वाद्ये जोडली आणि 'कंट्री रॉक' हा प्रकार रूढ झाला. स्वतः लिहिणारा, स्वतः चाल लावणारा आणि स्वतः गाणारा कलावंत हा या साऱ्या परंपरेचा कणा ठरला. पाश्चात्त्य जगात अशा कलावंताला स्वतंत्र संज्ञा मिळाली. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडविण्याची गरज नव्हती, कारण 'शाहीर' हा शब्द शतकानुशतके नेमके हेच सांगत आला आहे.

गथ्रीचे निधन 1967 चे, अमर शेख यांचे 1969 चे. दोघेही समकालीन, दोघेही कष्टकऱ्यांमधून आलेले. परंतु एक फरक महत्त्वाचा आहे. लोकसंगीताचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी 1940 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी गथ्रीची गाणी व आठवणी तासन् तास ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. मराठी शाहिरांच्या वाट्याला अशी पद्धतशीर जपणूक क्वचितच आली. त्यांचे भांडार राहिले ते श्रोत्यांच्या स्मरणात.

श्रोत्यांच्या तीन तऱ्हा

अमर शेख यांचा श्रोतृवर्ग एकजिनसी नव्हता. पहिला वर्ग गिरणी कामगारांचा. पाळी संपवून आलेला हा श्रोता पथारी टाकून मैदानात बसे. त्याला गाण्यातील राजकारण समजावून सांगावे लागत नसे. महागाई, संप, टाळेबंदी हे त्याचे रोजचे जिणे होते. त्याला हवी असे ती आपल्या जगण्याला कोणीतरी आवाज दिल्याची खात्री. त्याची दाद 'वाहवा'ची नसे. तो झील धरी, म्हणजे गाण्यातील रिकामी जागा स्वतः भरून काढी. शाहिरी कार्यक्रमाच्या यशाची हीच खरी मोजपट्टी असते.

दुसरा वर्ग खेड्यातील शेतकऱ्यांचा. त्याला ओळखीच्या चालीतून अनोळखी विचार ऐकावयास मिळाला. लावणीची, भारुडाची, ओवीची चाल कानी पडली की तो निर्धास्त होई आणि मग शब्दांकडे लक्ष देई. अमर शेख यांचे शब्द या श्रोत्याला परके वाटत नसत, कारण त्यांतील उपमा नांगर, पाऊस, बैल आणि धरती यांच्याच असत. त्यांच्या एका काव्यसंग्रहाचे नाव 'धरतीमाता' असावे, हा योगायोग नव्हे.

तिसरा वर्ग शहरी मध्यमवर्गाचा. नाट्यसंगीत आणि भावगीत यांवर पोसलेला हा श्रोता शाहिरीकडे काहीशा संकोचाने पाही. या गाण्यात कला किती आणि प्रचार किती, हा त्याचा प्रश्न असे. मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने ही दरी बुजविली. 21 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, जानेवारी 1956 मध्ये पुन्हा रक्त सांडले आणि 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. शंभरहून अधिक हुतात्म्यांच्या या आंदोलनात सभेपूर्वी शाहिरांचे गायन ही केवळ करमणूक राहिली नाही. नेत्यांची भाषणे बुद्धीला पटवीत, शाहिराचे गाणे पायांना बळ देई. पांढरपेशा श्रोताही आता कामगाराच्या शेजारी बसून झील धरू लागला.

'माझी मैना'ची गोष्ट

या काळातील सर्वांत गाजलेली रचना म्हणजे अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाला गावी राहिलेल्या पत्नीचा विरह जाळतो, असा तिचा प्रारंभ. तिचे रूप, तिचा स्वभाव, निघतानाची तिची अवस्था हे सारे येते. ऐकणारा शृंगाराच्या वाटेने पुढे जातो आणि मग नकळत त्या विरहाला वेगळाच अर्थ येतो. तुटलेली मैना म्हणजे तुकडे झालेला महाराष्ट्र, हे उमजते तेव्हा तो सावरून बसतो. बेळगाव-कारवारसारख्या प्रदेशांची ताटातूट त्याला स्वतःच्या घरातील दुःख वाटू लागते.

शब्द अण्णाभाऊंचे, परंतु अमर शेख यांच्या पहाडी आवाजाने ही छक्कड महाराष्ट्रभर नेली. ज्या श्रोत्याने ती अमर शेख यांच्या तोंडून ऐकली, त्याच्या लेखी ती त्यांचीच झाली. शाहिरी परंपरेत हे नवे नाही. कवनाचा कर्ता शेवटी स्वतःचे नाव गुंफतो ते याच विस्मरणाच्या भीतीने. लिहिणारा एक, गाणारा दुसरा आणि झील धरणारे हजारो, अशा गाण्याची मालकी अखेर कोणाची, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातून सुटणारा नाही. येथे एवढेच म्हणता येते की अण्णाभाऊंच्या शब्दांना अमर शेख यांचा गळा लाभला नसता आणि त्या गळ्याला असे शब्द लाभले नसते, तर दोघांचेही नुकसान झाले असते.

कवी अमर शेख

गायक म्हणून मिळालेल्या कीर्तीने अमर शेख यांच्यातील कवी काहीसा झाकोळला गेला. 'अमरगीत' (1951) हा गीतसंग्रह, 'कलश' (1958) आणि 'धरतीमाता' (1963) हे काव्यसंग्रह, तसेच 'पहिला बळी' (1951) हे नाटक त्यांच्या नावावर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांवर आणि होळकरांवर त्यांनी पोवाडे रचले. 'युगदीपक' आणि 'वख्त की आवाज' या मासिकांचे संपादन केले. अत्रे यांच्या 'महात्मा फुले' (1954) आणि नंतरच्या 'प्रपंच' (1961) या चित्रपटांत भूमिकाही केल्या. रशियन क्रांतिकवी मायकोव्हस्की याच्याशी आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना केली होती. मायकोव्हस्कीही मंचावरून मोठ्या जनसमुदायापुढे आपली कविता म्हणत असे, हे लक्षात घेतले म्हणजे ही तुलना नुसत्या गौरवापुरती राहत नाही.

तथापि समीक्षकांनी या कवितेकडे पुरेसे लक्ष दिले असे म्हणता येत नाही. प्रचारकी हा शिक्का एकदा बसला की वाचक पान उलटतो. दुसरीही एक अडचण आहे. श्रोत्यांसाठी घडविलेल्या ओळीत पुनरुक्ती असते, संबोधने असतात, मध्येच थांबण्याच्या जागा असतात. मैदानात हेच गुण ठरतात, तर कागदावर तेच दोष वाटतात. एकांतात वाचल्या जाणाऱ्या कवितेचे निकष अशा कवितेला जसेच्या तसे लावणे अन्यायाचे ठरते. ती मोठ्याने म्हणून पाहिली पाहिजे.

झोळी आणि देश

अमर शेख यांच्या गाण्याला श्रोत्यांनी दिलेला प्रतिसाद केवळ भावनेपुरता राहिला नाही. गोवा मुक्तीच्या लढ्यात त्यांनी भाग घेतला. 1962 मध्ये चीनचे आक्रमण झाले तेव्हा कम्युनिस्ट पक्षातच मतभेदांचे वादळ उठले होते आणि साम्यवादी कार्यकर्त्यांकडे संशयाने पाहिले जात होते. अशा वेळी या शाहिराने राष्ट्ररक्षणासाठी गाणी गाऊन निधी गोळा केला, आणि 1965 च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धाच्या वेळीही तेच कार्य केले. गरिबीत वाढलेला, मुसलमान घरात जन्मलेला, लाल बावट्याचा शाहीर देशासाठी झोळी पसरतो आणि फाटक्या खिशाचा श्रोता तीत पैसे टाकतो, हे दृश्य त्या काळातील महाराष्ट्राविषयी बरेच काही सांगून जाते. श्रोत्यांनी त्यांचा धर्म विचारला नाही आणि त्यांनीही श्रोत्यांचा विचारला नाही.

या आवाजाची किंमत मात्र घराने मोजली. सततचे दौरे, अस्थिर मिळकत आणि अखेर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षात रस्त्यावर आलेला मृत्यू. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख या पुढे मराठीतील महत्त्वाच्या कवयित्री म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद जेरी पिंटो यांनी 2016 मध्ये, म्हणजे अमर शेख यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, प्रसिद्ध केला. चळवळीच्या मंचावर दिसणारा उजेड आणि घरातील सावली यांतील अंतर जाणून घेणाऱ्यांनी ते पुस्तक अवश्य वाचावे.

गर्दी पांगल्यावर

मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे. शाहिरीचे शास्त्र विद्यापीठाच्या वर्गात शिकविले जाते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या गिरणगावाने हे गाणे डोक्यावर घेतले, ते गिरणगाव 1982 च्या संपानंतर हळूहळू नाहीसे झाले. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. बार्शीची छोटी रेल्वेसुद्धा रुंद रुळांवर गेली. श्रोता विखुरला की शाहिरी निराधार होते, कारण झीलकऱ्याविना पोवाडा पुरा होत नाही.

तरीही ही परंपरा खंडित झालेली नाही. संभाजी भगत यांच्यासारख्या शाहिरांनी ती नव्या प्रश्नांपर्यंत आणली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (2014) या चित्रपटाला संभाजी भगत यांचेच संगीत आहे. राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या या चित्रपटात एका वृद्ध लोकशाहिरावर, त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केल्याचा आरोप ठेवला जातो. कथा काल्पनिक आहे, पण तिच्या मुळाशी जुनाच प्रश्न आहे : गाण्याचा ऐकणाऱ्यावर नेमका किती परिणाम होतो? कलापथकाच्या काळातील सत्ताधाऱ्यांनाही तो पडला होता. त्या काळात कार्यक्रमांवर आलेले निर्बंध हे एका परीने शाहिरांच्या सामर्थ्याची कबुलीच होते.

अमर शेख यांचा आवाज पुन्हा ऐकू येणार नाही. पण महाराष्ट्रातील एखाद्या मोर्चात कोणी डफावर थाप मारून पहिली ओळ उचलतो, मागच्या रांगेतील अनोळखी माणसे ती पुरी करतात, आणि त्यांतील कित्येकांना त्या चालीचा मूळ धनी कोण हे ठाऊकही नसते. बार्शीच्या मुनेरबीने आपल्या मुलाला दिलेली गाणीही अशीच निनावी होती. शाहिराची रचना त्या निनावी भांडारात जमा होणे म्हणजे तिला विस्मृती येणे असे काही जण म्हणतील. लोकपरंपरेच्या हिशेबात मात्र तो जमेचाच रकाना आहे. फक्त त्या रकान्यासमोर बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांचे नाव लिहून ठेवण्याचे काम वाचकांचे आणि अभ्यासकांचे आहे.